मुंबईत लिक्युअर घेताना: कोणत्या बाटलीला पैसे घालावेत, कोणती घरीच करावी

लिक्युअरची, म्हणजे साखर आणि सुगंध घातलेल्या दारूची, एकच बाटली घरात ठेवायची असेल तर संत्र्याची ठेवा, आणि परवडत असेल तर क्वांत्रो ठेवा. कॉफीची विकत घेऊ नका. क्रीमची हवीच असेल तर लहान बाटली घ्या आणि तारीख बघून घ्या. निळ्या-हिरव्या रंगीत बाटल्या कपाटात छान दिसतात, पण बहुतेक घरांत त्या वर्षानुवर्षं अर्ध्याच राहतात.

या निकालामागचं पहिलं कारण कर आहे. परदेशातून येणाऱ्या लिक्युअरवर केंद्राचं सीमाशुल्कच १५० टक्के. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, मग व्हॅट, मग आयातदार आणि दुकानदार यांचं कमिशन. मुंबईच्या वाइन शॉपमध्ये बाटलीवर जी एमआरपी छापलेली असते, तिचा मोठा हिस्सा आतल्या मालाचा नसतोच. युरोपात दहा बाटल्या ओळीने घेऊन बघता येतात, इथे तसं करणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यात भट्टीचं काम आहे की नुसतं भिजवण्याचं? साली, बिया, मुळं दारूत भिजवून ती दारू पुन्हा भट्टीत गाळली, म्हणजे तिची वाफ करून ती थंड केली असेल, किंवा कारखान्याशिवाय न होणारी एखादी प्रक्रिया केली असेल, तर पैसे मोजा. नुसतं भिजवून साखर घातली असेल, तर ते काम स्वयंपाकघरात होतं, आणि काही वेळा बाजारापेक्षा चांगलं होतं.

लेबलवरचे आकडे

दुकानात उभं असताना दोन गोष्टी तपासायच्या: अल्कोहोल किती टक्के आणि साखर किती. पहिला आकडा लेबलवर असतो, दुसरा सहसा नसतो. युरोपीय नियमाप्रमाणे लिक्युअर म्हणून विकायला किमान १५ टक्के अल्कोहोल आणि लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते. नावात ‘क्रेम द’ असेल तर साखर किमान २५० ग्रॅम, आणि क्रेम द कासिसमध्ये, म्हणजे काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या बेरीच्या लिक्युअरमध्ये, किमान ४०० ग्रॅम. ‘क्रेम’ लिहिलं म्हणजे आत साय-दूध असतं असं नाही, साखरेमुळे आलेला दाटपणा तेवढा असतो. दुधाची साय असलेल्या बाटलीवर तसं वेगळं लिहिलेलं असतं.

साखर कळायला घरचा साधा उपाय आहे. एक चमचा दारू बशीवर पसरवा आणि रात्रभर तशीच ठेवा. ॲब्सोल्यूट सिट्रॉनसारखा साखर न घातलेला फ्लेवर्ड व्होडका वाळून बशी जवळपास कोरडी होते. गोड केलेल्या दारूचं चिकट वर्तुळ उरतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं. हे एकदा केलं की फ्लेवर्ड व्होडका आणि लिक्युअर यांतला फरक डोळ्यांना दिसतो. पहिल्यात वास घातलेला असतो, दुसऱ्यात वासाबरोबर अंगही असतं.

फ्लेवर्ड व्होडका आणि रम

मुंबईत सगळ्यात जास्त फळ्या यांनीच भरलेल्या असतात: स्मिर्नॉफचे ग्रीन ॲपल आणि ऑरेंज, मॅजिक मोमेंट्सचे रीमिक्स प्रकार, बकार्डीची लिमोन, आणि अलीकडची आंबा-मिरची, पुदिना-जांभूळ अशी देशी चवीची मंडळी. देशीच्या दुकानातली संत्रा ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवीन काही नाही: स्पिरिट, त्यात वास, वर लेबल. फरक स्पिरिटच्या स्वच्छतेचा आणि वासाच्या दर्जाचा आहे.

दोन थेंब तळहातावर चोळून नाकाशी धरा. चांगल्या लिंबाच्या व्होडकात आधी साल सोलल्याचा वास येतो, आणि अल्कोहोल उडून गेल्यावरही तळहातावर सालीचा मंद वास राहतो. ग्रीन ॲपलमध्ये बहुधा आधी गोळीचा वास येतो आणि तो मिनिटभरात संपतो. सोडा आणि लिंबू भरपूर असेल तर हे चालून जातं. नुसता बर्फ घालून प्यायला त्यात काही नाही. आमचं मत असं की साधा बरा व्होडका घ्यावा आणि उरलेले पैसे एका खऱ्या लिक्युअरसाठी ठेवावेत. आंबा-मिरचीची रम मात्र कैरी पन्ह्यात घालून बघा. पन्ह्याचं आंबटपण तिच्या वासाला आधार देतं, तेवढा आधार सोड्याने मिळत नाही.

संत्रं: इथे पैसे घाला

क्वांत्रो फ्रान्सच्या आंजे गावची, डिस्टिलरी १८४९ सालची, अल्कोहोल ४० टक्के. गोड आणि कडू, दोन्ही संत्र्यांच्या साली वापरतात आणि भिजवलेली दारू पुन्हा गाळतात. या दुसऱ्या गाळण्यातच सगळी किंमत आहे. सालीतलं सुगंधी तेल वाफेबरोबर वर येतं, कडवटपणा आणि रंग मागे भांड्यात राहतात. म्हणून बाटली तपकिरी असली तरी आतला द्रव पाण्यासारखा निवळ असतो. बर्फ टाकला की तो दुधट होतो. हा दोष नव्हे. सालीचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात विरघळत नाही, आणि बर्फ वितळून पाणी वाढलं की तेलाचे बारीक थेंब सुटे होतात. दुधटपणा आला म्हणजे आत खरं तेल आहे.

ग्रां मार्निए १८८० सालची, तीही ४० टक्के, पण तिच्यात निम्म्याहून थोडी जास्त कोन्याक, म्हणजे फ्रान्सची द्राक्षांची ब्रँडी आहे. त्यामुळे लाकडाचा आणि मनुक्यांचा वास येतो. जेवणानंतर नुसती प्यायला ती वरचढ, मार्गारिटामध्ये मात्र टकीलाशी भांडते. दोन्ही घेण्याची गरज नाही. कॉकटेल करणाऱ्याने पहिली घ्यावी, चमच्याने चॉकलेट पुडिंगवर ओतणाऱ्याने दुसरी.

स्वस्त पर्याय म्हणून ट्रिपल सेक नावाच्या संत्र्याच्या लिक्युअर येतात. यात मुंबईत फसगत होते ती एकाच ठिकाणी: ‘ट्रिपल सेक’ नावाचं सिरपही मिळतं आणि त्यात अल्कोहोल अजिबात नसतं. बाटलीचा आकार जवळपास सारखाच असतो. ट्रिपल सेक लिक्युअरची ताकदही ब्रँडप्रमाणे बरीच बदलते. ३५ टक्क्यांच्या खालची असेल तर मार्गारिटामध्ये साखर वाढते आणि धार कमी होते. ब्लू क्युरासाओ ही याच घराण्यातली, बोल्सची २१ टक्के असते, आणि निळा रंग बाहेरून घातलेला असतो. चवीसाठी ती घेऊ नका.

मार्गारिटाचं प्रमाण लार्ज पेगवर बसवायचं तर ६० मिली टकीला, २५ मिली क्वांत्रो, २० मिली लिंबाचा रस. आपलं कागदी लिंबू लहान असलं तरी फार तिखट आंबट असतं, म्हणून रस आधी १५ मिली घाला, चाखा, मग उरलेला घाला. पावसाळ्यात लिंबं रसरशीत असतात, उन्हाळ्यात सालच जास्त. त्यामुळे ‘एका लिंबाचा रस’ हे माप कधीच वापरू नका. मोजायला जिगर, म्हणजे दारूचं छोटं माप, नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं झाकण पुरतं.

नागपुरी संत्र्याच्या सालीपासून घरी करून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. साल सैल असल्याने पीलर नीट चालत नाही. फळं दोन तास फ्रीजमध्ये ठेवून, अख्खी असतानाच वरचा केशरी थर पातळ सोलावा, पांढरा पापुद्रा अजिबात घेऊ नये. चार संत्र्यांची साल ३७५ मिली व्होडकात आठवडाभर ठेवली की सुगंध सुंदर येतो, पण तो मऊ, गोडसर असतो. कडू संत्र्याची ती कोरडी धार त्यात येत नाही, आणि आपण पुन्हा गाळू शकत नाही. भट्टी लावणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग भांडं कितीही लहान असो. खीर, केक, बासुंदी यांत घालायला हा अर्क छान आहे. क्वांत्रोची जागा तो घेत नाही.

लिंबू: इथे पैसे वाचवा

लिमोन्चेल्लोमध्ये, म्हणजे इटलीच्या लिंबाच्या लिक्युअरमध्ये, पुन्हा भट्टीत गाळण्याची पायरीच नाही. साल भिजवायची, पाक घालायचा, झालं. इटलीत ९५ टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट वापरतात, ते मुंबईत सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नाही. म्हणून आपल्याला ४२.८ टक्क्यांच्या व्होडकावर भागवावं लागतं. हा आकडा भारतीय बाटल्यांवर सगळीकडे दिसतो. काही व्होडका ३७.५ टक्क्यांचेही असतात, या कामासाठी ते टाळा.

७५० मिली व्होडकाला जाड सालीची आठ मोठी लिंबं लागतात. कागदी लिंबू इथे कामाचं नाही, कारण त्याची साल इतकी पातळ असते की पीलर थेट पांढऱ्यात जातो आणि सगळं कडू होतं. ईडलिंबू मिळालं तर उत्तम. क्रॉफर्ड मार्केटमध्ये आयात केलेली पिवळी लिंबंही मिळतात, पण त्यांवर मेणाचा थर असतो. तो कोमट पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा घेऊन ब्रशने घासून काढा. मेण राहिलं तर तेल दारूत नीट उतरत नाही आणि वर तवंग दिसतो.

साली काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात दहा दिवस. रोज एकदा हलवा. साल फिकट पांढुरकी पडली की काम झालं. त्यापुढे ठेवून सुगंध वाढत नाही, कडवटपणा वाढतो. मग ३०० ग्रॅम साखर ३०० मिली पाण्यात विरघळवून पाक पूर्ण गार करा. गरम पाक ओतला तर सगळ्यात हलका, सगळ्यात ताजा सुगंधच वाफेबरोबर जातो आणि लिंबाच्या लोणच्याची आठवण येईल असा शिजका वास उरतो. गार पाकाचं आकारमान साधारण ४८५ मिली होतं. व्होडकात मिसळलं की सव्वा लिटरच्या आसपास लिक्युअर तयार होते, अल्कोहोल साधारण २६ टक्के, साखर लिटरला २४० ग्रॅमच्या घरात. बाजारातल्या लिमोन्चेल्लोही साधारण याच पट्ट्यात असतात. ३७.५ टक्क्यांचा व्होडका घेतला असता तर हीच ताकद २३ टक्क्यांच्या खाली आली असती आणि चव सरबताकडे झुकली असती.

मलमलच्या फडक्यातून गाळा, मग कॉफी फिल्टरच्या कागदातून, आणि आठवडाभर मुरू द्या. पहिल्या दिवशी साखर आणि अल्कोहोल जिभेवर वेगवेगळे लागतात, आठवड्याने ते जुळतात. थोडी गढूळ दिसली तर चिंता नको, क्वांत्रोसारखंच ते सालीचं तेल. फ्रीझरमध्ये ठेवलीत तर ती रवाळ होऊ शकते, कारण पाण्याचं प्रमाण जास्त आहे. बाटली अर्धा तास आधी खालच्या कप्प्यात काढून ठेवायची.

कॉफी: इथेही पैसे वाचवा

कालुआ मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची, १९३६ पासूनची, या प्रकारातली सगळ्यात ओळखीची बाटली. पूर्वी २० टक्क्यांची होती, नवीन बाटल्या १६ टक्क्यांच्या आहेत, तेव्हा लेबल बघा. तिच्यात वाईट काही नाही. पण मुंबईत माटुंग्याची कॉफीची दुकानं असताना आणि कोपऱ्यावर काळी रम मिळत असताना ती आयात किमतीला घेणं पटत नाही.

दुकानात सांगून चिकोरी न घातलेली कॉफी घ्या आणि जाडसर दळून मागा. फिल्टर कॉफीच्या तयार मिश्रणात चिकोरी असते. ती दाटपणा आणि जळक्या गुळाचा वास देते, पण थंड पाण्यात चिकट गाळ सोडते आणि फडकं तुंबतं. ६० ग्रॅम कॉफी ३०० मिली पिण्याच्या पाण्यात, झाकून, फ्रीजमध्ये १६ तास. बाहेर ओट्यावर ठेवू नका. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात ती रात्रीतून आंबूस होते. गाळताना फडकं पिळायचा मोह टाळा, पिळलं की बारीक भुकटी खाली उतरते आणि बाटलीत तळाशी चिखल साचतो. कॉफी आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणून हातात १८० मिली अर्क येतो.

त्यात १५० ग्रॅम साखर नुसती ढवळून विरघळवा. गरम करू नका, कॉफी तुरट होते. मग ३७५ मिली काळी रम, म्हणजे एक हाफ. इथे ओल्ड मंक फार शोभते. तिच्यातला व्हॅनिलाचा वास लिक्युअरला आयताच मिळतो, वेगळी शेंग घालावी लागत नाही. एकूण साधारण ६५० मिली होतं, अल्कोहोल जवळपास २५ टक्के. क्वार्टरवर, म्हणजे १८० मिलीवर भागवायला गेलात तर ताकद १७ टक्क्यांवर येते, चव पातळ लागते आणि टिकण्याची खात्री कमी होते. तीन दिवस फ्रीजमध्ये स्थिर ठेवा, तळाचा गाळ न हलवता वरची नितळ दुसऱ्या बाटलीत काढा, दोन महिन्यांत संपवा. खराब होणार नाही, पण कॉफीचा वास उतरत जातो. एस्प्रेसो मार्टिनीसाठी ५० मिली व्होडका, ३० मिली ही लिक्युअर आणि एक एस्प्रेसो. वेगळा पाक घालायची गरज नाही, साखर पुरेशी आहे.

क्रीमची बाटली

बेलीज १९७४ ची, आयर्लंडची, १७ टक्के. साय, आयरिश व्हिस्की आणि कोको यांचं हे मिश्रण घरी जमत नाही. यंत्राने सायीतले स्निग्ध कण इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगत नाहीत. घरी मिक्सरवर केलेलं चार दिवसांत वेगळं होतं. तेव्हा ही विकत घ्यायची, पण जपून. कंपनीची हमी बाटली बनल्यापासून दोन वर्षांची आहे, उघडली असो वा नसो, आणि तीही ० ते २५ अंश तापमानात. मुंबईत वर्षातले कितीतरी महिने बंद घरात २५ अंश नसतातच. काचेच्या दर्शनी भागात, दुपारच्या उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, एसी दुकानातली घ्या. काच गडद असल्याने आतलं दिसत नाही, म्हणून तारखेवरच भिस्त. घरी आणल्यावर फ्रीजचा दरवाजा ही तिची जागा. फ्रीझरमध्ये घातली तर साय फाटते.

उघडल्यावर पहिला चमचा गरम कॉफीत टाकून बघा. ताजी असेल तर सरळ विरघळते, जुनी असेल तर पृष्ठभागावर बारीक पांढरे कण धरतात. कण दिसले की ती पिऊ नका. लिंबू, कोकम, टॉनिक, कोला यांच्याशी तिची गाठ घालू नका. आंबटपणाने दुधातलं केसीन गोठतं आणि ग्लासात पनीर तयार होतं. लिंबाचे चारच थेंब पुरतात. दक्षिण आफ्रिकेची अमारुला हीही १७ टक्क्यांची, मारुला फळाची, आणि थोडी फळासारखी आंबूस. बेलीज फार गोड वाटते त्यांनी ती बघावी. नियम तेच.

वनस्पतींच्या, कडवट आणि बडीशेपेच्या

येगरमायस्टर ३५ टक्के, ५६ वनस्पती, जर्मनीच्या वोल्फेनब्युटेलची, १९३५ पासूनची. खोकल्याच्या औषधाचा वास येतो अशी तक्रार ती कोमट पिणाऱ्यांचीच असते. बाटली फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशालाही ती गोठत नाही, दाट होते, आणि गोडी मागे सरून आलं-दालचिनी पुढे येते. भरपेट जेवणानंतर ३० मिली पुरे. एनर्जी ड्रिंकमध्ये टाकून पिण्याची पद्धत सोडून द्यावी. कॅफीनमुळे चढल्याचं लवकर कळत नाही आणि माणूस जास्त पितो.

कम्पारी २५ टक्के आणि अपेरोल ११ टक्के. मुंबईच्या उकाड्याला यांच्याइतकं दुसरं काही शोभत नाही. अपेरोलसाठी महागडी प्रोसेको, म्हणजे इटलीची फेसाळ वाइन, आणायची गरज नाही. नाशिकची सुला ब्रूट किंवा दिंडोरीत बनणारी शाँदाँ चालते: ९० मिली वाइन, ६० मिली अपेरोल, ३० मिली सोडा, आणि ग्लास काठोकाठ बर्फाने भरलेला. बर्फ कमी घातला की तो झपाट्याने वितळतो आणि पेय पाणचट होतं. अपेरोल उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, ११ टक्के अल्कोहोल इथल्या हवेत पुरेसं रक्षण करत नाही.

साम्बुकात नियमानेच लिटरला किमान ३५० ग्रॅम साखर आणि ३८ टक्के अल्कोहोल असतं. ज्यांना बडीशेप घशाखाली उतरत नाही त्यांनी दूर राहावं. दिसारोनो २८ टक्के, वास बदामाचा, पण आत बदाम नाही. तो वास जर्दाळूच्या बियांतल्या गराचा आहे. केशर-बदाम दुधाच्या सवयीच्या जिभेला ती लगेच आवडते, आणि श्रीखंडावर चमचाभर फार छान लागते. मालिबू २१ टक्के, नारळाची. शहाळ्याचं पाणी आणि पांढरी रम हाताशी असलेल्या शहरात तिला पैसे कशाला घालायचे?

मोहाबद्दल थोडं. मोहाचं सुकं फूल गुळासारखं गोड असतं, म्हणून त्याची दारूही गोड असेल असं अनेकांना वाटतं. गाळताना साखर वर येत नाही, ती भांड्यातच राहते, म्हणून मोह असो की फेणी, दारू कोरडीच असते. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले होते. आता डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीची ‘महुरा’ बाटलीबंद मिळते. लिक्युअर म्हणून तिच्याकडे बघू नका. ३० मिली महुरा, १० मिली संत्र्याची लिक्युअर आणि लिंबाची एक फोड, असं जुळवून बघण्यासारखं आहे.

बारमध्ये

कॉकटेलमधली लिक्युअर खरी आहे की सिरप, हे ओळखायला बी-५२ हे थरांचं कॉकटेल मागवावं. तळाला कॉफी, मध्ये क्रीम, वर संत्रं, प्रत्येकी १५ ते २० मिली. थर राहतात ते घनतेमुळे: साखर जास्त ती खाली, अल्कोहोल जास्त ती वर. सगळ्यात वर ४० टक्क्यांचं ग्रां मार्निए तरंगतं. त्याजागी संत्र्याचं सिरप वापरलं तर ते जड असल्याने क्रीममधून खाली उतरतं आणि मधला थर ढवळून निघतो. थर स्वच्छ आहेत की नाहीत, ते ग्लास टेबलावर येताच दिसतं. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये पाच दारवा प्रत्येकी १५ मिली, म्हणजे एकूण ७५ मिली असतात आणि पाचवी संत्र्याची लिक्युअर असते. साध्या बारमध्ये ती बहुधा सिरपने भरून काढतात. विचारायला संकोच करू नका: ‘ट्रिपल सेक लिक्युअर आहे की सिरप?’ नीट बारटेंडर बाटली दाखवतो.

विकत घेताना आणि ठेवताना

महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षांची अट आहे, लिक्युअरला इतर कडक दारूप्रमाणे २५. पिण्याचा परवानाही लागतो. बाटलीवर उत्पादन शुल्क विभागाचा होलोग्राम, आयातदाराचं नाव आणि एमआरपी यांची चिठ्ठी नसेल तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. किंमत तुलना करताना ७०० आणि ७५० मिली यांतला फरक धरा आणि ताकदही धरा. ४० टक्क्यांच्या ७०० मिलीत २८० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, २० टक्क्यांच्या ७५० मिलीत १५०. दुसरी बाटली निम्म्या किमतीत मिळाली तरी ती फार स्वस्त पडली असं होत नाही.

नातेवाईक परदेशातून येत असतील तर प्रत्येकाला २ लिटर करमुक्त आणता येतात. त्यातला एक लिटर क्वांत्रोचा सांगा. क्रीमची लिटरची बाटली मागवू नका, ती संपायच्या आत खराब होते.

घरी सगळ्यात जास्त त्रास झाकणाचा. तोंडाशी साखर वाळून झाकण चिकटतं, आणि जोर लावला की बुचाचा तुकडा आत पडतो. प्रत्येक वेळी ओतल्यावर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने तोंड पुसा. चिकटलंच तर बाटलीची मान नळाच्या गरम पाण्याखाली मिनिटभर धरा, साखर विरघळते. ओतायची धातूची तोटी लावून बाटली उघडी ठेवू नका, एका रात्रीत मुंग्या लागतात. आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात लाकडी बुचावर बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी बुचाच्या बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हलवा, स्क्रूच्या झाकणाच्या बाहेर राहिल्या तरी चालतं.